पाशा गात नाही : एक संहिता, अनेक संगीतकार आणि एक बदललेला शेवट

जर्मन विनोदी ऑपेराची संहिता, असा विषय वाचून कुणी येईल की नाही, अशी आम्हालाच शंका होती. तुम्ही आलात, तेव्हा जर्मन येत असण्याची काही गरज नाही एवढं आधीच सांगून टाकतो. आज आपण सुरांपेक्षा गोष्टीबद्दल जास्त बोलणार आहोत. गोष्टीच्या शेवटाबद्दल तर फारच.

सुरुवात आमच्या एका फजितीपासून करू. मोझार्टची ‘डी एंटफ्यूरुंग आउस डेम झेराइल’ आम्ही पहिल्यांदा ऐकली ती ध्वनिमुद्रणावर. गाणी उत्तम होती, गायक नामांकित होते. पण शेवटाला आलो आणि गोंधळलो. पकडले गेलेले चार कैदी एकामागून एक पुढे येऊन कुणाच्या तरी मोठ्या मनाचे आभार मानतात. कुणाच्या? त्या ध्वनिमुद्रणात असा माणूसच नव्हता! आम्ही परत मागे जाऊन ऐकलं, तरी नव्हता. नंतर उलगडा झाला. या ऑपेरात गाण्यांच्या मध्ये गद्य संवाद आहेत आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी ते गाळले होते, कारण संवाद ऐकायला कोण बसतंय? आता या नाटकातला पाशा सेलिम गातच नाही. त्याला एकही सूर दिलेला नाही. संवाद गेले, त्यांच्याबरोबर पाशाही गेला. ज्याच्या एका निर्णयावर सगळं नाटक उभं आहे तोच माणूस गळून गेला आणि ऐकताना त्याची उणीव कुठेच जाणवली नाही.

ही फजिती डोक्यातून गेली नाही. मग आम्ही संहितेच्या मागे लागलो.

आधी थोडी ओळख करून देतो. या प्रकाराला जर्मनमध्ये ‘सिंगश्पील’ म्हणतात. मध्ये गद्य बोलायचं आणि भावना दाटली की गायचं. आपल्याला हे समजावून सांगायला नको, आपण संगीत नाटकावर वाढलेली माणसं. आणि ‘एंटफ्यूरुंग’ या शब्दाला मराठीत ‘अपहरण’ म्हटलं तर कानाला चुकीचं वाटतं. इथे नायक आपल्याच प्रेयसीला, तिच्याच इच्छेने, दुसऱ्याच्या वाड्यातून पळवून नेणार आहे. आपल्याकडे त्याला सरळ शब्द आहे : हरण. सुभद्राहरणातलं हरण. मोझार्टचं नाटक व्हिएन्नाच्या रंगभूमीवर आलं १७८२ मध्ये आणि किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ १८८२ मध्ये. बरोबर शंभर वर्षं. हा निव्वळ योगायोग आहे, यातून काही सिद्ध करायचं नाही. पण वेष पालटून आलेला प्रियकर, पलीकडे बसलेला रागीट पहारेकरी, आणि राग कुठवर ताणायचा हा प्रश्न, एवढं सामान दोन्हीकडे आहे खरं.

संहिता लिहिणाऱ्याचं नाव क्रिस्टोफ फ्रीड्रिश ब्रेट्झनर. हा गृहस्थ लाइपझिगचा व्यापारी. धंदा सांभाळून नाटकं लिहायचा आणि ती खपतही. ‘बेलमोंटे आणि कॉन्स्टांझे, अथवा जनानखान्यातून हरण’ ही त्याची संहिता १७८१ मध्ये छापली गेली. गोष्ट अशी. बेलमोंटे या स्पॅनिश उमरावाची वाग्दत्त वधू कॉन्स्टांझे, तिची इंग्रज दासी ब्लोंडे आणि त्याचा नोकर पेड्रिल्लो हे तिघं चाच्यांच्या तावडीत सापडतात. पाशा सेलिम त्यांना विकत घेतो. पाशाला कॉन्स्टांझे हवी आहे, पण तिनं आपणहून हो म्हणावं अशी त्याची इच्छा आहे. ब्लोंडे दिली आहे वाड्याच्या रखवालदाराला, ओस्मिनला. हा ओस्मिन म्हणजे सदा उकळणारा माणूस. बेलमोंटे वास्तुविशारद म्हणून वाड्यात शिरतो, पेड्रिल्लो ओस्मिनला दारू पाजतो, मध्यरात्री शिडी लावली जाते, आणि सगळे पकडले जातात.

आता पुढे काय? ब्रेट्झनरचं उत्तर ऐकून तुम्ही हसाल. पाशा हा मूळचा युरोपीय, धर्म बदलून तिकडे स्थायिक झालेला माणूस, हे नाटकात आधीच आलेलं असतं. चौकशी होते आणि निघतं काय, तर बेलमोंटे हा पाशाचाच हरवलेला मुलगा! बाप-लेकाची ओळख पटते, मिठ्या मारल्या जातात, कैदी सुटतात. जत्रेत हरवलेले भाऊ आपण पुष्कळ पाहिले आहेत. ही युक्ती ब्रेट्झनरची नव्हे, रोमन विनोदी नाटकांपासून ती चालत आली आहे आणि आजही तिला मरण नाही.

पण या युक्तीत इथे एक खोट आहे. पाशाचं प्रेम कॉन्स्टांझेवर आहे. म्हणजे बाप आणि मुलगा एकाच मुलीच्या मागे होते, आणि ओळख पटल्यावर बापाला मागे सरण्यावाचून पर्यायच उरत नाही. त्यानं काही सोडलं असं म्हणता येत नाही, नात्यानंच ते त्याच्या हातून काढून घेतलं. नाटक संपतं, सगळे आनंदात, आणि कुणाला कसली किंमत मोजावी लागलेली नाही.

ही संहिता पहिल्यांदा संगीतात बसवली योहान आंद्रेनं. हा ओफेनबाखचा. घरचा धंदा रेशमाचा, पुढे स्वतः संगीताचा छापखाना काढला आणि गंमत म्हणजे बर्लिनला डोब्बेलिनच्या नाटक मंडळीत संगीत दिग्दर्शक होऊन बसला. गटेच्या ‘एर्विन आणि एल्मिरे’ या संहितेलाही सुरुवातीला, १७७५ मध्ये, संगीत दिलं ते यानंच. त्याचं ‘बेलमोंटे आणि कॉन्स्टांझे’ बर्लिनला मे १७८१ मध्ये झालं. पुढे श्टुटगार्टला क्रिस्टियान लुडविग डीटर आणि बीबेराखला युस्टिन हाइनरिश क्नेख्ट यांनीही ब्रेट्झनरच्याच संहितेवर आपापली संगीतं रचली. म्हणजे डीटरनं १७८४ मध्ये, मोझार्टचं येऊन गेल्यावरसुद्धा. आज आपल्याला हे धाडस वाटतं. त्या काळी त्यात काही विशेष नव्हतं. संहिता छापलेली असे, ज्याला हवी तो उचलत असे, आणि दर गावच्या मंडळीला आपल्या गळ्यांच्या मापाचं संगीत लागत असे. एकच बंदिश दहा जणांनी गावी, तसं.

मोझार्ट यात येतो तो १७८१ च्या उन्हाळ्यात. वय पंचवीस, साल्झबुर्गची नोकरी नुकतीच तुटलेली. सम्राट योझेफ दुसऱ्यानं व्हिएन्नात जर्मन गाण्याच्या नाटकांसाठी सरकारी मंडळी १७७८ पासून चालवली होती. तिथला कर्ताधर्ता गॉटलीब श्टेफानी, धाकटा. थोरला भाऊही नटच होता, म्हणून हे ‘धाकटा’ नावाला चिकटलं. श्टेफानीनं जुलैच्या अखेरीला ब्रेट्झनरची संहिता मोझार्टच्या हातात ठेवली. रशियाचा युवराज व्हिएन्नाला येणार होता, त्याच्यासाठी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत नाटक हवं होतं. मोझार्ट तुटून पडला. मग पाहुण्याचं येणं लांबलं, आणि तो आला तेव्हा त्याच्यासाठी ग्लुकच्या ऑपेरा निवडल्या गेल्या. नाटक रंगमंचावर आलं ते थेट १६ जुलै १७८२ रोजी. हा उशीर झाला नसता तर बहुधा ब्रेट्झनरचीच संहिता थोडी खरवडून उभी राहिली असती. घाई टळली आणि दोघांना संहिता उसवायला वेळ मिळाला.

काय काय उसवलं ते मोझार्टच्या वडिलांना लिहिलेल्या पत्रांत आहे. २६ सप्टेंबर १७८१ चं पत्र मिळवून जरूर वाचा. काम करणारा संगीतकार काय विचार करतो याचा इतका स्वच्छ कागद फार क्वचित हाती लागतो. ब्रेट्झनरनं ओस्मिनला एकच छोटं गाणं दिलं होतं, बाकी एक त्रिकूट आणि शेवटचं समूहगीत. पण व्हिएन्नाच्या मंडळीत लुडविग फिशर होता. आवाज इतका खोल, की साल्झबुर्गच्या आर्चबिशपनं तक्रार केली होती, हा फार खाली गातो म्हणून. त्यावर, पुढच्या वेळी तो वर गाईल, असं आपण आर्चबिशपना सांगितल्याचं मोझार्ट लिहितो. असा गळा असताना त्याला एका गाण्यावर कोण बसवेल? ओस्मिनची पदं वाढवायची ठरलं, आणि त्यातल्या पहिल्याच मोठ्या पदाचं संगीत बहुतेक तयार झालं तेव्हा श्टेफानीला त्याचा एक शब्दही माहीत नव्हता. मोझार्टनं सांगितलं, इथे असे असे शब्द घाल, आणि श्टेफानीनं घातले. ‘अमुक पदाची चाल’ असं पदाच्या डोक्यावर छापणाऱ्या आपल्या नाटककारांना हा व्यवहार अगदी घरचा वाटला असता! काव्यानं संगीताची आज्ञाधारक मुलगी व्हावं, हे मोझार्टचं मत त्याच शरदातल्या दुसऱ्या पत्रातलं. ते नेहमी एकटंच सांगितलं जातं. पण त्याच पत्रात तो श्टेफानीची बाजूही घेतो, वडिलांना ओस्मिनच्या ओळी ओबडधोबड वाटल्या तेव्हा त्या ओस्मिनच्याच तोंडच्या आहेत असं तो सांगतो, हे मात्र सांगायचं राहून जातं.

त्या रागाच्या पदात काय केलंय बघा. ओस्मिन एफ मेजरमध्ये चिडतो. गाणं संपलंसं वाटतं, आणि तो पुन्हा उसळतो. लय बदलते, स्वरस्थान बदलतं, आपण जातो ए मायनरमध्ये. का? मोझार्टचं म्हणणं असं, की संतापलेला माणूस सगळी मर्यादा ओलांडतो, स्वतःला विसरतो, तेव्हा संगीतानंही भान विसरल्यासारखं झालं पाहिजे. मात्र ऐकणाऱ्याच्या कानाला ते कधी टोचता कामा नये, संगीत हे संगीतच राहिलं पाहिजे. म्हणून फार लांबचा स्वर न घेता जवळचा, पण अगदी शेजारचाही नाही, असा त्यानं निवडला. रागाचं इतकं मोजूनमापून केलेलं चित्र, आणि तेही एका विदूषकी रखवालदारासाठी! वर तुर्की थाटाची वाद्यं, म्हणजे मोठा ढोल, झांजा, ट्रायंगल आणि चिरकी पिकोलो.

अर्थात मोझार्टचे सगळेच बदल आम्हाला पटत नाहीत. ब्रेट्झनरच्या तिसऱ्या अंकाची सुरुवात म्हणजे प्रत्यक्ष हरण, शिडी, अंधार, धरपकड, आणि हे सगळं गाण्यात होतं. ते मोझार्टला आवडलं. इतकं की ते उचलून दुसऱ्या अंकाच्या शेवटी न्यावं असं त्याच्या मनात आलं. पण तसं केलं की तिसऱ्या अंकासाठी काही उरत नाही. अखेर दुसऱ्या अंकाच्या शेवटी त्यानं एक नवंच चौकडीचं गाणं रचलं. दोन जोड्या भेटतात, आनंद होतो, आणि पुरुषांच्या मनात पाल चुकचुकते : इतके दिवस इथे होतात, तर... कॉन्स्टांझे रडू लागते. ब्लोंडे पेड्रिल्लोला सणसणीत थोबाडीत देते. मग चौघं क्षणभर थांबून, अगदी हळुवार ठेक्यात, संशयाबद्दल गातात आणि पुरुष माफी मागतात. ही जागा अप्रतिम आहे. पण तिकडे तिसऱ्या अंकातलं हरण मात्र गद्यात उरकलं जातं, जोडीला तंतुवाद्यांच्या टिपणीवर पेड्रिल्लोचं एक गाणं. रंगमंचावर तिथे नाटक हमखास ढिलं पडतं. इथे व्यापाऱ्याचं गणित संगीतकारापेक्षा बरोबर होतं, असं आमचं मत.

आता शेवटाकडे येऊ. श्टेफानीनं बाप-मुलाची ओळख काढून टाकली. त्याच्या संहितेत चौकशी होते आणि निघतं ते उलटंच. बेलमोंटे हा ओरानच्या सुभेदाराचा मुलगा. तो सुभेदार म्हणजे पाशाचा हाडवैरी. त्याच्यामुळे पाशाला देश सोडावा लागला, प्रेयसी गेली, मानमरातब गेला, मालमत्ता गेली. आता त्याचा मुलगा समोर उभा आहे, तोही आपल्याच घरातून आपल्याच आवडत्या बाईला पळवताना पकडलेला. पाशा बेलमोंटेला एक प्रश्न विचारतो : माझ्या जागी तुझा बाप असता तर त्यानं काय केलं असतं? बेलमोंटे प्रामाणिक आहे. माझी खैर नव्हती, असंच त्याला म्हणावं लागतं. पाशा शिक्षेची व्यवस्था लावायला निघून जातो. मागे राहिलेले दोघे मरणाची तयारी करतात. त्यांचं युगुलगीत ऐका, दोघंही एकमेकांच्या मृत्यूचा दोष स्वतःवर घेतात, आणि एकत्र मरायला मिळतंय याचा आनंद मानण्यापर्यंत पोचतात. या गाण्यानंतर कुणी लॉकेट काढून दाखवलं असतं तर प्रेक्षागृह हसलं असतं.

पाशा परत येतो आणि सोडून देतो. कारण काय देतो ते नीट बघा. मी दयाळू आहे, असं तो म्हणत नाही. तुझ्या बापाची मला इतकी घृणा आहे की त्याच्या पावलावर पाऊल टाकणं मला जमणार नाही, असा त्याचा सूर आहे. जा, बापाला सांग, तू माझ्या हातात होतास आणि मी सोडलं. अन्यायाची फेड चांगुलपणानं करण्यात सुडापेक्षा मोठं सुख आहे, हेही सांग. म्हणजे ही क्षमा गोडगोड नाही. तिच्यात तिरस्कार आहे, मान ताठ आहे. सूड घेतला तर मी त्याच्यासारखाच ठरेन, ही तिची प्रेरणा. मग कॉन्स्टांझेकडे वळून तो एवढंच म्हणतो, की मला नाकारल्याचा तुला कधी पश्चात्ताप होऊ नये. आम्हाला हे वाक्य क्षमेपेक्षाही अवघड वाटतं.

आता, क्षमा करणारा पाशा किंवा सुलतान ही काही श्टेफानीची नवलाई नव्हे. ग्लुकच्या १७६४ च्या व्हिएन्नातल्या ऑपेरातही सुलतान शेवटी पळपुट्या जोडीला क्षमा करतोच. नवं आहे ते इतकंच, की क्षमा शत्रूच्या मुलाला आहे, आणि तिची किंमत मोजावी लागते. ब्रेट्झनरच्या पाशाला मुलगा मिळाला. श्टेफानीच्या पाशाला काहीच मिळत नाही. गलबत निघून गेल्यावर त्याच्यापाशी उरतो ओस्मिन.

हा बदल श्टेफानीचा की मोझार्टचा? पत्रांत ओस्मिनबद्दल, पदांबद्दल, अंकांच्या शेवटांबद्दल पुष्कळ लिहिलं आहे, आणि शब्द श्टेफानीचे आहेत एवढं नक्की. संगीताच्या इतिहासात या माणसाला बिचाऱ्याला फारसं कुणी विचारत नाही. कारस्थानी होता, भाषा ओबडधोबड होती, असंच वाचायला मिळतं. पण त्याच्या आयुष्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तो जन्मानं ब्रेस्लाउचा. सात वर्षांच्या युद्धात प्रशियाच्या बाजूनं लढताना ऑस्ट्रियाच्या हाती कैद झाला आणि पुढे ऑस्ट्रियाचाच होऊन राहिला. मुलूख सोडून शत्रूच्या मुलखात मोठा झालेला पाशा त्याच्या लेखणीतून आला म्हणून लगेच आत्मचरित्र शोधायला नको. तरीही आम्ही ते वाक्य आता वाचतो तेव्हा हे आठवतं.

ब्रेट्झनर रागावला. १७८३ मध्ये त्यानं छापील तक्रार केली, आपल्या नाटकात भलतीच पदं घुसडली म्हणून. त्याचं रागावणं रास्तच होतं, आपल्या लेखनाला परस्पर कात्री लागली तर कोण हसेल? पण हाच ब्रेट्झनर दहा-अकरा वर्षांनी मोझार्टच्या ‘कोझी फान तुत्ते’ची जर्मन आवृत्ती करायला बसला, आणि तीही आपल्या पद्धतीनं. त्या जगात सगळेच एकमेकांच्या शेतात गुरं सोडत होते.

आता पाशा गात का नाही, याकडे वळू. साधं उत्तर असं, की ब्रेट्झनरनंच त्याला गाणं दिलं नव्हतं आणि बोलणाऱ्या नटाला ही भूमिका देणं सोयीचं होतं. व्हिएन्नात ती डॉमिनिक याउट्झ या नटानं केली. मोझार्टच्या पहिल्या पत्रातल्या गायकांच्या यादीत मात्र वॉल्टर नावाचा एक जादा गायक आहे, आणि तो पाशासाठी असावा असा तर्क केला जातो. तसं असेल तर पाशाला गाणं देण्याचा विचार झाला आणि मागे पडला. कारण काही असो, परिणाम बघा. दुसऱ्या अंकात पाशा कॉन्स्टांझेला धमकी देतो, सगळ्या तऱ्हेच्या यातना. तिचं उत्तर म्हणजे या ऑपेरातलं सर्वांत अवघड पद. त्याआधी बासरी, ओबो, व्हायोलिन आणि चेलो यांची जवळजवळ साठ मात्रांच्या घरांची प्रस्तावना वाजते. तेवढा वेळ दोघांनी रंगमंचावर करायचं काय, हा प्रश्न सव्वादोनशे वर्षं दिग्दर्शकांना छळतो आहे. पण ते पद कुणाला उद्देशून आहे? न गाणाऱ्या माणसाला. ती जीव तोडून ताना घेते आणि समोरचा उत्तर देऊ शकत नाही, त्याच्यापाशी तो मार्गच नाही. त्याला गप्प ऐकावं लागतं. पुढे तिसऱ्या अंकात तो जे करतो त्याची सुरुवात आम्हाला या ऐकण्यात दिसते.

त्या उलट ओस्मिनला गाणंच गाणं आहे. राग सुरांत येतो, विनोद सुरांत येतो, तिसऱ्या अंकात विजयाच्या उन्मादात तो खालच्या ‘डी’वर जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही. सुडाला मोझार्टनं सगळं संगीत दिलं आणि क्षमेला एक सूरही दिला नाही. यावर असं म्हणता येईल, की क्षमा हा विचार आहे, आणि सिंगश्पीलमध्ये विचार बोलायचा असतो. आम्हाला हे पुरेसं वाटत नाही. ‘फिगारो’च्या शेवटी सरदार क्षमा मागतो आणि त्याची बायको ती देते, सुरांतच, आणि त्या जागेला तोड नाही. म्हणजे मोझार्टला क्षमा गाता येत होती. चार वर्षांनी आली.

आणखी एक खोच राहिली आहे, आणि ती सोडून दिली तर या नाटकाचं आम्ही फाजील कौतुक केलं असं होईल. पाशा उदार आहे, पण पाशा तुर्क नाही. तो धर्म बदललेला युरोपीय आहे, श्टेफानीनं हे ब्रेट्झनरकडून जसंच्या तसं ठेवलं. खरा तिथला माणूस ओस्मिन, आणि तो मूर्ख, लोभी, रक्तपिपासू. १७८३ मध्ये व्हिएन्नाच्या तुर्की वेढ्याला शंभर वर्षं होणार होती. प्रेक्षकांत हसू पिकवायला एक पगडी पुरेशी होती. म्हणजे मोठेपणा आपल्याच माणसाकडे ठेवला, फक्त त्याला परका पोशाख चढवला. हा आक्षेप खरा आहे, आणि आज कित्येक दिग्दर्शक संवाद बदलतात, कापतात, नव्यानं लिहितात ते याच अस्वस्थतेपोटी.

पण मग शेवट ऐका, आणि या वेळी ओस्मिनवर लक्ष ठेवा. चौघं आळीपाळीनं एकाच चालीत आभार मानतात, प्रत्येकाचं एक कडवं, आणि धृपदाला सगळे. ब्लोंडे आपल्या कडव्यात ओस्मिनला डिवचते. आणि तो फुटतो. त्याचं कडवं त्या सभ्य चालीत राहूच शकत नाही. पहिल्या अंकातला तो राग जसाच्या तसा, त्याच ढोल-झांजांसकट परत येतो, आणि ओस्मिन रंगमंचावरून पळून जातो. बाकीचे थांबतात. एकदम धीम्या, दबलेल्या आवाजात ते म्हणतात की सुडाइतकं कुरूप काही नाही. ज्यांना सगळं मिळालं ते, ज्याचं सगळं गेलं त्याला शहाणपण शिकवताहेत. ब्लोंडे त्याची होती, निदान त्याला तसं सांगितलं होतं, आणि तिला सोडताना त्याला कुणी विचारलं नाही. पाशा त्याला जे सांगतो त्याचा अर्थ असा, की माया लावून जे आपलं होत नाही त्याला जाऊ द्यावं. बोलणाऱ्याला ते परवडतं. मोझार्टनं ओस्मिनला क्षमेच्या चालीत बसवलं नाही, आणि आमच्या दृष्टीनं हा त्या चालीवरचा त्याचा शेराच आहे.

गटेनं इटलीतून लिहिलं होतं, की आम्ही साधेपणाच्या मर्यादेत राहून जे काही करू पाहत होतो ते मोझार्ट आल्यावर वाया गेलं, या ‘हरणा’नं सगळ्यांना आडवं केलं. आंद्रे, डीटर, क्नेख्ट त्यात आडवे झाले. पुढची गंमत सांगतो. मोझार्ट गेला, योहान आंद्रेही १७९९ मध्ये गेला. त्याच वर्षी मोझार्टच्या विधवेकडून, म्हणजे खऱ्याखुऱ्या कॉन्स्टांझेकडून, हस्तलिखितांचा मोठा गठ्ठा विकत घेतला तो आंद्रेच्या मुलानं, आंतोननं. ज्या माणसाची ‘बेलमोंटे’ मोझार्टनं पुसून टाकली त्याच्याच घरात मोझार्टचे कागद जपले गेले, लावले गेले, छापले गेले.

बरं. आता आम्ही तुम्हाला तिसऱ्या अंकाचा शेवट ऐकवतो. मुद्दाम संवाद असलेलं ध्वनिमुद्रण आणलंय. आधी युगुलगीत, मग पाशाचं बोलणं, आणि मग आभार. बोलणं जर्मनमध्ये आहे आणि दोनेक मिनिटांचंच आहे, मराठीतला मजकूर तुमच्या हातातल्या कागदावर दिलाय. तेवढी दोन मिनिटं कृपा करून कुणी पुढे ढकलायला सांगू नका.